मंगळवारी फोटोवाला

दुसऱ्यासाठी मनापासून केलेली प्रार्थना कधीही वाया जात नाही.

हे वाक्य टाइमकीपरने रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर आणि आडवं होण्याआधी उच्चारलं. घरातल्या तिघींनी ते ऐकलं. बायको ताटं उचलत होती, थोरली मोबाईलमध्ये होती आणि धाकटी टेबलाखाली होती. त्यानंतर अख्खी गल्ली रडायला लागायला बरोबर चार दिवस लागले.

टाइमकीपर म्हणजे बस डेपोतला टाइमकीपर. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली आणि मधली मिनिटं कुठे गेली, याचा जाब विचारायचं काम तो बावीस वर्षं करत होता. 'अंदाजे' हा शब्द त्याला शिवीसारखा लागायचा. लग्नाला होकार देतानासुद्धा त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं होतं, असं त्याची बायको सांगते, आणि तो ते नाकारत नाही.

असा माणूस प्रार्थनेकडे वळला कसा? तर मेमोमुळे! डेपोतला एक ड्रायव्हर तीन आठवडे न कळवता गैरहजर होता. टाइमकीपरने चांगला सणसणीत मेमो काढला. मेमो घेऊन गेलेला शिपाई तासाभराने परत आला. "साहेब, तो दवाखान्यात आहे. सलाइन लावलंय. झोपला होता, म्हणून मेमो उशाशी ठेवून आलो."

उशाशी! त्या दिवशी टाइमकीपरने डबा उघडलाच नाही. ज्याचा चेहरा रोज सकाळी सहा दहाला आपण पाहतो, तो मरायला टेकला तरी आपल्याला पत्ता नाही! आणि पत्ता लागतो तो कसा, तर त्याच्याकडून खुलासा मागवल्यावर! माणसाने माणसाची आठवण ठेवली पाहिजे. रोज ठेवली पाहिजे. आणि टाइमकीपरच्या मते रोज जे व्हायला हवं, त्याला वेळापत्रक हवं.

तेव्हा त्याने ड्रॉइंगच्या कागदावर चौदा चौकोन आखले. रोज संध्याकाळी साडेसात ते सात सदतीस, सहकुटुंब, एका माणसासाठी प्रार्थना. रविवारी मावशी, सोमवारी शाळेतले गणिताचे सर, मंगळवारी फोटोवाला, बुधवारी वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड जज्जसाहेब, असं पंधरवडाभर. खाली लाल शाईत टीप होती : 'निकडीच्या प्रसंगी जादा फेऱ्या सोडण्यात येतील.'

"मावशीआजीला काय झालंय?" धाकटीने टेबलाखालून विचारलं.

"काही झालेलं नाही."

"मग प्रार्थना कशाला?"

"काही होऊ नये म्हणून!"

"मी सात वाजता घरी येते," बायको म्हणाली. "दिवसभर उभी असते. साडेसातला बसून डोळे मिटले तर मी सदतीसला उघडेन याची खात्री नाही."

बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. अकरा वर्षं. या शनिवारी तिला सीनियर करायचं ठरलं होतं. सीनियर म्हणजे रिपोर्टच्या कपाटाची किल्ली! त्या लॅबच्या भिंतीवर एकच पाटी होती : 'रिपोर्टबद्दल बाहेर एक अक्षरही बोलणार नाही.' आणि अकरा वर्षांत ती खरंच एक अक्षर बोलली नव्हती. सख्ख्या नणंदेची साखर किती, हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. नवऱ्याची किती, हे नणंदेला सांगितलं नव्हतं.

"पण बाबा," थोरली मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांना कळवायला नको का? बस येणार हे प्रवाशाला माहीत नसेल तर तो स्टॉपवर उभा कसा राहणार?"

हा टोमणा होता. पण टाइमकीपरच्या धंद्यात टोमण्याला जागा नाही. त्याने त्या मुलीकडे अशा अभिमानाने पाहिलं, जसं बापाने आयुष्यात फारतर दोनदा पाहावं.

झालं! मंगळवारी संध्याकाळी सात दहाला फोटोवाल्याच्या मोबाईलवर मेसेज पोचला : 'आज सायं. ७.३० वाजता आमचे कुटुंब आपल्यासाठी प्रार्थना करणार आहे. कृपया नोंद घ्यावी.'

आता हा फोटोवाला म्हणजे टाइमकीपरचा शाळेपासूनचा मित्र. समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर त्याचा स्टुडिओ. अंगाने दरवाजाएवढा, काळजाने सशाएवढा. मागच्या आठवड्यात पासपोर्ट फोटो काढताना स्टुलावर चढला आणि त्याला गरगरलं. बायको हटूनच बसली, तेव्हा सोमवारी सकाळी तो लॅबमध्ये जाऊन आला. कुठल्या लॅबमध्ये? अर्थातच वहिनींच्या! वहिनी त्या सकाळी आतल्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या होत्या, बाहेर नवी मुलगी होती. परत येऊन फोटोवाल्याने गल्लीभर सांगितलं, "हूं की चूं केलं नाही! डोळे मिटले, उघडले, तोवर खेळ खलास. दुखलंसुद्धा नाही. म्हणाले, उद्या परत या. लॅब असावी तर अशी!"

रिपोर्ट आणायला जायचं धाडस मात्र मंगळवारी झालं नाही. दुपारी लॅबमधून दोन फोन आले, तेही त्याने वाजू दिले. आणि संध्याकाळी हा मेसेज!

फोटोवाल्याने तो चारदा वाचला. जन्मात ज्या मित्राने त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या नाहीत, त्याच्या घरचे सगळे आज आपल्यासाठी प्रार्थना करणार! का? त्याची बायको कुठे काम करते? आणि आपण काल कुठे गेलो होतो? सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे. फोटोवाल्याने त्या सुतावरून स्वर्ग गाठला, तोही कायमच्या मुक्कामाला.

सात पंचविसाला टाइमकीपरच्या घरातला फोन वाजला. बायकोने उचलला. तिला मेसेजचा पत्ताच नव्हता. ती नुकती चपला काढून बसली होती.

"वहिनी," पलीकडून फोटोवाल्याची बायको बोलत होती, "खरं सांगा. यांच्याबद्दल काही कळलंय का?"

"वहिनी, मला रिपोर्टबद्दल काही बोलता येत नाही हो."

"म्हणजे आहे काहीतरी?"

"मी आहे म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मला बोलताच येत नाही."

पलीकडे एक हुंदका आला आणि फोन बंद झाला. "यांच्याकडे सगळ्यांनाच घाई," असं म्हणून बायको प्रार्थनेला येऊन बसली.

खिडकी उघडी होती. फोटोवाला खाली गल्लीत, अर्ध्या ओढलेल्या शटरला धरून उभा होता. बरोबर साडेसातला पहिल्या मजल्यावरून धाकटीचा खणखणीत आवाज आला, "देवा, फोटोवाल्या काकांना लवकर बरं कर!"

"अगं, त्याला काही झालेलं नाही!" टाइमकीपर म्हणाला. पण हे तो हळू म्हणाला, कारण प्रार्थना चालू होती.

खाली शटर धाडकन पूर्ण बंद झालं.

बुधवारी सकाळी टाइमकीपर डेपोत खिडकीपाशी बसला होता. शिपायाने नुकतंच एक पाकीट आणून ठेवलं होतं. ते फोडावं एवढ्यात खिडकीतून दोन भलेमोठे हात आत आले आणि त्यांनी टाइमकीपरला गळ्यासकट कवटाळलं.

"लेका, तू प्रार्थना केलीस माझ्यासाठी!" फोटोवाला रडत होता. मागे चार कंडक्टर सह्या करायला रांगेत उभे होते. "तुझ्यासारखा मित्र नाही. मी मात्र नालायक आहे. मला आता ओझं घेऊन जायचं नाही."

"कुठे जायचंय?"

"तूच विचारतोस?" फोटोवाल्याने डोळे पुसले. "ऐक. तुझ्या लग्नाचे फोटो..."

"धुताना रोल खराब झाला. एकोणीस वर्षं झाली. जाऊ दे ना!"

"रोल खराब नव्हता झाला. रोल नव्हताच. मी कॅमेऱ्यात रोल घालायला विसरलो होतो."

टाइमकीपर थिजला. एकोणीस वर्षं! त्या लग्नात याने त्याला तीन तास उभा केला होता. मान डावीकडे, हनुवटी खाली, वहिनी जरा हसा, दात नकोत! रिकाम्या डबड्यासमोर तीन तास! घरात लग्नाचा एकमेव फोटो होता, तो बायकोच्या काकांनी काढलेला, आणि त्यात टाइमकीपरचा फक्त कान आला होता. नातेवाइकांना दाखवताना बायको बोट ठेवून सांगायची, "हे हे."

त्याच्या तोंडात ज्या शिव्या आल्या त्या डेपोतल्या होत्या, म्हणजे अस्सल होत्या. पण समोरचा माणूस ढसाढसा रडत होता, आणि मागचे चार कंडक्टर डोळे पुसत होते. मरणाऱ्याला शिव्या घालायच्या तरी कशा?

मरणाऱ्याला! म्हणजे याला खरंच काहीतरी झालंय! आणि आपल्याला पत्ताच नाही! म्हणजे पुन्हा ड्रायव्हरचीच गोष्ट! पाकीट टेबलावर तसंच टाकून त्याने अर्ध्या दिवसाची रजा लिहिली आणि थेट लॅब गाठली.

"अगं, फोटोवाल्याला काय झालंय?"

"अहो, हे विचारायला तुम्ही इथे आलात? मला रिपोर्टबद्दल बोलता येत नाही."

"मला? नवऱ्याला?"

"तुम्हाला तर नाहीच!"

आता खरी गोष्ट अशी, की तिलाही काही माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं सांगणं म्हणजेसुद्धा एक अक्षर बोलणं, आणि पाटीवर तेच लिहिलं होतं. टाइमकीपरने तिचा दगडासारखा चेहरा पाहिला आणि त्यावर तीन महिने, फार तर चार, अशी मुदत वाचली.

म्हणजे बघा! याच्याच मेसेजने उठवलेली भुमका गल्लीतून फिरून याच्याच दारात आली, आणि याने तिला पाट मांडून बसवलं! एवढंच करून थांबला असता तरी चाललं असतं. पण वेळापत्रकात सोय होती. बुधवारचे जज्जसाहेब रद्द झाले. फोटोवाल्यासाठी जादा फेऱ्या सुटल्या : पहाटे पाच, संध्याकाळी साडेसात, आणि जमेल त्याने आपापल्या ठिकाणी दुपारी दीडला. चौदाच्या चौदा जणांना आणि अख्ख्या इमारतीला मेसेज गेला : 'आपला लाडका फोटोवाला कठीण प्रसंगातून जात आहे. प्रार्थनेत सहभागी व्हा.'

"बाबा, एकदा नक्की विचारून घ्या ना," थोरली म्हणाली. आता तिने मोबाईल खाली ठेवला होता.

"आईने सांगितलं."

"काय सांगितलं?"

"काही नाही सांगितलं! त्यावरूनच कळतं!"

गुरुवारी गल्लीत एकच झुंबड उडाली. फोटोवाल्याच्या हातचा शेवटचा फोटो हवा म्हणून लोक नटूनथटून आले. न्हाव्याने दुकान बंद ठेवलं आणि सहकुटुंब रांग लावली. जज्जसाहेब कोट घालून आले. बुधवारी आपली प्रार्थना रद्द झाल्याचं त्यांना फार लागलं होतं, पण ते म्हणाले, "माझं काय, मला नुसतं प्रेशर आहे. पहिला हक्क त्याचा." फोटोवाला अश्रू ढाळत ढाळत 'हसा' म्हणत होता, आणि समोरचे हुंदके देत देत हसत होते. असं वाईट काम त्याने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं आणि इतकं कौतुक कधी ऐकलं नव्हतं. लॅबमधून पुन्हा तीन फोन आले. ते त्याने लोकांना दाखवले. "बघा. सोडत नाहीत." लोकांनी माना हलवल्या.

आणि मग ज्याची भीती तेच! न्हाव्याची सासू गुडघ्याच्या तपासणीला त्याच लॅबमध्ये गेली आणि डॉक्टरमॅडमना म्हणाली, "फोटोवाल्याचं वाईट झालं हो. तुमच्याच बाईंकडून कळलं आम्हाला."

दुपारी तीनला टाइमकीपरची बायको घरी आली. अकरा वर्षांत ती तीनला कधी घरी आली नव्हती. टाइमकीपर घरातच होता. दीडच्या फेरीसाठी डेपोतून आलेला परत गेला नव्हता.

"शनिवारची किल्ली गेली," ती म्हणाली. "उद्या सकाळी खुलासा द्यायचाय. पटला नाही तर नोकरीही गेली. मी रिपोर्ट फोडला म्हणे. मी! अहो, मी त्या माणसाचा रिपोर्ट पाहिलेलासुद्धा नाही!"

टाइमकीपर उभा राहिला. मग बसला. मग पुन्हा उभा राहिला. "पाहिलेला नाही? मग तू मला काल सांगितलं का नाहीस, की तुला माहीत नाही म्हणून?"

"मला बोलता येत नाही! किती वेळा सांगू? आणि मी बोलले नाही, तर बोललं कोण? गल्लीला स्वप्न पडलं?"

थोरलीने मोबाईल पुढे केला. बायकोने मंगळवारचा मेसेज वाचला. मग बुधवारचा वाचला. 'कृपया नोंद घ्यावी' इथे तिचं बोट थांबलं.

"तुम्ही माणसाला नोटीस पाठवलीत?"

"प्रार्थनेची! अगं, चांगल्या कामाची! आणि कल्पना हिची होती!"

"मी टोमणा मारला होता, बाबा!"

"मग टोमणा आहे असं म्हणायचं!"

"एक सांगते," बायको शांतपणे म्हणाली, आणि ती शांतपणे बोलली की घरातली झुरळंसुद्धा बाजूला होतात, "देवाने तुमचं ऐकलं असतं तरी त्याला पोच मागितली असतीत तुम्ही."

टाइमकीपर संतापला. म्हणजे काय! कोणासाठी दोन चांगले शब्द काढायचीही सोय उरली नाही या जगात? कोणाची बदनामी केली नाही, कोणाचं वाईट चिंतलं नाही, सात मिनिटं डोळे मिटून बसलो, तर बायकोची नोकरी जाते, मित्र मरायला टेकतो आणि लग्नात रोल नव्हता असं कळतं! त्या भरात रोलची गोष्टही त्याच्या तोंडून गेली.

"रोल नव्हता?" बायकोने विचारलं. एवढंच विचारलं.

शुक्रवारी सकाळी नऊला टाइमकीपर फोटोवाल्याला दंडाला धरून लॅबमध्ये घेऊन गेला. मागून दोघांच्या बायका. फोटोवाला नवा सदरा घालून आला होता, पुन्हा घालायला मिळेल न मिळेल म्हणून.

"मॅडम," टाइमकीपरने टेबलावर हात आपटला, "माझ्या बायकोने अक्षर काढलेलं नाही. चूक माझी आहे. मेसेज मी पाठवले. तीन महिने हा आकडासुद्धा माझाच. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. पण आधी या माणसाचा रिपोर्ट त्याच्या तोंडावर सांगा, म्हणजे एकदाचं काय ते होऊन जाऊ दे."

फोटोवाल्याने डोळे घट्ट मिटले. त्याच्या बायकोने त्याचा हात धरला.

डॉक्टरमॅडमनी कपाट उघडलं. शोधलं. पुन्हा शोधलं. मग नव्या मुलीला हाक मारली. ती सोमवारची वही घेऊन आली आणि एका ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. मॅडमनी ती ओळ आधी मनात वाचली आणि चष्मा काढून पुसला.

"यांचा रिपोर्ट नाही," त्या म्हणाल्या.

"हरवला?" टाइमकीपर गरजला.

"इथे लिहिलंय : सुई पाहून चक्कर आली. रक्त घेतलेलं नाही. परत बोलवावे."

टाइमकीपरने वही ओढून ती ओळ स्वतः वाचली.

"मी सांगितलं होतं ना, उद्या परत या म्हणून," नवी मुलगी म्हणाली. "नऊ फोन केले. काका उचलतच नाहीत."

"पण कापूस लावला होता!" फोटोवाल्याने एक डोळा उघडला. "गार लागलं होतं!"

"स्पिरिट होतं ते. तुम्ही तिथेच आडवे झालात."

टाइमकीपरने मित्राकडे पाहिलं. तेव्हा रोल नाही! आता रक्त नाही! या माणसाने आयुष्यात एकदा तरी डबडं भरून घेतलं आहे का?

मॅडम टाइमकीपरच्या बायकोकडे वळल्या. "बाई, जो रिपोर्टच नाही तो तुम्ही फोडणार कुठून? माझं चुकलं. किल्ली उद्या तुमच्याकडे." मग टाइमकीपरकडे पाहून म्हणाल्या, "माझं नाव त्या यादीत कृपा करून घालू नका."

"चला, मग आम्ही निघतो," फोटोवाला उठत म्हणाला.

"बसा, भावजी," टाइमकीपरची बायको म्हणाली. तिने हातमोजे चढवले. "आलाच आहात तर मीच काढते. मान डावीकडे. हनुवटी खाली. आणि जरा हसा. दात नकोत."

फोटोवाल्याला चक्कर आली, पण या खेपेला नळी भरून झाल्यावर. दुपारी रिपोर्ट आला. तो कसा होता, हे बायकोने आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही. फोटोवाला मात्र शनिवारपासून स्टुलावर चढतो आहे, आणि शेवटचा म्हणून काढलेला फोटो फुकट होता का, यावरून न्हाव्याशी भांडतो आहे.

रविवारी साडेसातला चौघं पुन्हा बसली. खिडकी लावून, मोबाईल कपाटात ठेवून. बायकोनेच बसवलं. म्हणाली, "सुरू केलंय ना? मग बसा. पण नोटीस नाही, जादा फेरी नाही."

"आज कोण?" टाइमकीपरने पडल्या आवाजात विचारलं.

"ते ड्रायव्हरकाका," धाकटी म्हणाली. "सलाइनवाले. ज्यांच्यामुळे तुम्ही हे सगळं सुरू केलं. त्यांचा नंबर कधी आहे, बाबा?"

टाइमकीपरने चष्मा लावला आणि कागदावर बोट फिरवलं. पहिला आठवडा. दुसरा आठवडा. मग उलटीकडून पुन्हा एकदा. चौदाही चौकोन भरलेले होते. ड्रायव्हर कुठेच नव्हता.

सोमवारी डेपोत गेल्यावर त्याने टेबलावर बुधवारपासून पडलेलं पाकीट फोडलं. आत त्या ड्रायव्हरने मेमोला दिलेला खुलासा होता. मग त्याने सह्यांची वही उघडली. ड्रायव्हर गुरुवारीच कामावर हजर झाला होता आणि गेले चार दिवस रोज सकाळी सहा दहाला याच खिडकीसमोर उभा राहून सही करत होता.